मिश्रीचा नवस

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही. तो गेला बिचारा, मला गुणाची समजून. लेकीलाही नाही, आणि गोष्ट तर तिचीच आहे. तीच ती चारचौघांत चुकीची सांगत असते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही, म्हणूनच. आपल्या माणसाला सांगायला गेलं की ते निम्म्यातच "जाऊ द्या हो, झालं ते झालं" म्हणतं. आणि खरं सांगू? आपण सांगायला बसतो ते तेवढ्यासाठीच. मला ते नको आहे.

मी बोलघेवडी आहे, मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो. तेवढं सांभाळून घ्या. येईन मी तिथवर.

माझं माहेर बारामतीचं. वडील पाटबंधारे खात्यात कारकून, घरात इस्त्रीचे कपडे, सकाळी दात घासायला कडुलिंबाची काडी. सातवी पास झाले आणि लगेच सणसरला दिलं मला. हे पन्नास सालानंतरचं, देश स्वतंत्र होऊन फार दिवस झाले नव्हते. सासरी कालव्याच्या पाण्याखालची जमीन होती. वांगी, मिरची, कोबी आणि बांधाच्या कडेला पेरू. माल बैलगाडीनं बारामतीच्या बाजारात जायचा. घरात सासू, म्हणजे आमच्या आत्याबाई. थोरले दीर, त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांची बायको हौसाबाई. माझा नवरा आणि मी. हौसाबाईंना मी आक्का म्हणत असे.

आक्काचं सांगायचं तर कुठून सुरुवात करू? मला भाकरी थापता येत नव्हती, तर पहिले कितीतरी दिवस माझ्या वाटणीच्या भाकऱ्या तिनं केल्या आणि आत्याबाईंना सांगितलं की धाकटीनंच केल्या. वांगी तोडताना काटे बोटात शिरायचे, ते ती सुईनं काढायची आणि वर चेष्टा करायची, "कारकुनाची ल्येक, हिच्या बोटात टाक शोभायचा, काटा न्हाय." तिला मूलबाळ नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात तिच्याबद्दल बोलताना आवाज जरा खाली जायचा. पण ती हसतमुख, दणकट, कामाला वाघ. मी त्या घरात टिकले ती तिच्यामुळे. हे उपकार मी आधीच मांडून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, मग तू असं कसं केलंस?

मिश्री मला तिनंच लावली. तीही प्रेमानंच. माझी दाढ ठणकत होती, रडून रडून डोळे सुजले होते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, बोटांनी चुरायची, ती झाली मिश्री. आमच्याकडच्या बायका सकाळी ती हिरड्यांना लावत बसायच्या. आक्कानं चिमूटभर माझ्या दाढेला चोळली. आधी डोकं गरगरलं. मग दाढ गप्प झाली आणि मी पण गप्प झाले. माहेर आठवेना, सासूचा शब्द बोचेना. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नसताना मी डबी मागितली. आक्का हसली. मागच्या अंगणात चुलवणापाशी बसून दोघी मिश्री लावायचो, तेवढा वेळ आमचा दोघींचा असायचा. त्यात बोलता येत नाही, नुसतं डोळ्यांनी. पण त्या वेळेसारखं सुख मला त्या घरात दुसरं नव्हतं.

पुढं मला मुलगी झाली, मंदा. बऱ्याच वर्षांनी घरात पाळणा हलला होता; मुलगी असूनही आत्याबाईंनी गूळ वाटला. दूध पाजण्यापुरती ती माझी, बाकी सगळी आक्काची. आक्का तिला कमरेला बांधून वांगी तोडायची. बोलायला लागली तेव्हा मंदा मला नावानं हाक मारायची आणि आक्काला "मोतीआई". मोठीआई म्हणता येत नव्हतं तिला.

मंदा दोन वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला, म्हणजे टायफॉइड. चढला की उतरायचं नाव नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी नव्या औषधाच्या कॅप्सूल दिल्या, पण सांगितलं की हा ताप जाऊन पुन्हा येतो, सांभाळा. पोर पाण्यातून काढलेल्या फडक्यासारखी मांडीवर पडून असायची. तेव्हा आक्कानं गावच्या देवापुढं जाऊन नवस बोलला. आमच्याकडं नवसाला कुणी नारळ बोलतं, कुणी कोंबडं. पण अगदी जिवावर बेतलं की माणूस आपल्याला सगळ्यांत आवडणारी वस्तू सोडतं. कुणी गूळ, कुणी चहा. आक्का म्हणाली, "माझ्यापाशी दुसरं काय हाय? मी मिश्री सोडली. जल्मभर लावणार न्हाय. पोर उठू दे." मी शेजारीच उभी होते. आईच मी, मागं कशी राहणार? मीही तेच बोलले.

आत्याबाईंनी त्याच दिवशी दोन्ही डब्या चुलीत घातल्या.

मी सोडली नाही असं नाही. सोडली — दोन-तीन दिवस. त्या दिवसांत मला काय झालं ते मला नीट आठवतं, आणि तेच माझं सगळ्यांत मोठं पाप आहे, की पुढं आक्काच्या वेळीही ते मला नीट आठवत होतं. कळशी घंगाळाला लागली म्हणून मी रडत बसले. नवरा "जेवायला वाढ" म्हणाला तर तवा त्याच्या अंगावर फेकावा वाटला. आजारी पोर कण्हली तर — सांगवत नाही — तिचाही राग आला. ती मी नव्हतेच. तिसऱ्या दिवशी मी वांग्याच्या वावरात गेले. तिथं राखणीची खोप होती. तिच्या छपरात एका गडीमाणसानं तंबाखू खोचून ठेवलेली मला ठाऊक होती. तिथंच तीन दगड मांडून फुटक्या खापरीवर ती भाजली आणि हिरडीला लावली. थोड्याच वेळात पाखरांचा आवाज ऐकू यायला लागला. कालव्याच्या पाण्यानं खळखळून चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि घरी येऊन सगळ्यांशी गोड बोलले.

मग रोजचंच झालं. बामच्या रिकाम्या डबीत मिश्री, डबी खोपीत, आणि मला सकाळ-संध्याकाळ वांग्यांची फार काळजी.

आक्कानं मात्र सोडली ती सोडली. आणि तिचं काय झालं? जे माझं दोन-तीन दिवस झालं, ते तिचं संपेचना. हसतमुख आक्का दाराच्या कवाडावर डोकं टेकून बसायची. कुणी हाक मारली की अंगावर यायची. तात्यांपुढं तोंड वर न करणारी बाई त्यांना उलटून बोलली. मंदाला थोपटता थोपटता हुंदके द्यायची, "काय झालं" विचारलं तर म्हणायची, "मला म्हाईत न्हाय." झोप नाही. अन्न समोर आलं की ढकलून द्यायची. तोंडावर तेज होतं ते गेलं.

आता इथं मी जरा थांबते, कारण ह्याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं.

आमच्या शेजारी सुमन राहते. हिरड्या बिघडल्या म्हणून डॉक्टरांनी तिची मिश्री बंद केली. आठवडा झाला नाही तोच तिचा नवरा माझ्या ओट्यावर येऊन बसला. "आजी, हिला बाहेरचं काय झालं का बघा की. भांडी आपटती, रडती, पोरांना मारती. अशी नव्हती ओ ती." मंदाची मुलगी केतकी तेव्हा इथं आली होती. ती पुण्याला डॉक्टर आहे, मेंदूच्या दुखण्यांची. तिनं त्याला समोर बसवून घेतलं आणि समजावलं. तंबाखूत निकोटिन असतं. ते मेंदूत पोचलं की तिथली काही रसायनं जास्त सुटतात. त्यांतलं एक सेरोटोनिन. मन थाऱ्यावर ठेवायला, झोपेला, भुकेला ते लागतं. ते झेलून घ्यायला पेशींवर बारीक जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. वर्षानुवर्षं निकोटिन जात राहिलं की मेंदू स्वतःला त्याच्याशी जुळवून घेतो. ह्या जागा कुठं कमी होतात, कुठं वाढतात, कुठं त्यांची धार बदलते; सगळं अजून उलगडलेलं नाही, असंही ती म्हणाली. मग एकदम तंबाखू थांबवली की सेरोटोनिन घटतं, आणि त्या बदललेल्या जागांना लगेच पूर्ववत होता येत नाही. माणूस चिडतं, रडतं, त्याला झोप लागत नाही. काही आठवडे जातात, मग हळूहळू घडी बसते. "तिला काही बाहेरचं झालेलं नाही," केतकी म्हणाली. "तिनं खरंच सोडली आहे, म्हणून असं होतंय. सोडली नसती तर मजेत असती."

मी ते माझ्या परीनं समजून घेतलं. वाफ्याला दारं असतात, पाणी आत घ्यायच्या वाटा. पाटाला रोज भरपूर पाणी असलं की आपण त्या पाण्याच्या मानानं दारं लहान बांधतो. एक दिवस वरून पाणी तोडलं तर त्या बांधलेल्या दारांतून वाफा भिजत नाही. दारं पुन्हा नव्यानं धरावी लागतात. तोवर पीक मान टाकतं. त्यात पिकाची काय चूक?

केतकीनं मला विचारलं, आजी, डोळ्यात पाणी का? मी म्हटलं, धूर गेला. घरात गॅसची शेगडी आहे. धूर कुठला? पण मला अशी पटकन सुचतात उत्तरं. आधीपासून.

"सोडली नसती तर मजेत असती." हे वाक्य त्या काळी आमच्या घरात कुणी बोलायला हवं होतं. डॉक्टर नको होता त्याला. मी पुरे होते. मला रिसेप्टर माहीत नव्हते, पण दोन-तीन दिवसांची ती आग माहीत होती.

घरात उलटंच मानलं गेलं. आमच्याकडची समजूत अशी की नवस मनापासून पाळला की देव मनाला शांती देतो. मोडला की देव सुखानं बसू देत नाही. दोघी सुनांनी एका देवापुढं एक वस्तू सोडलेली. एक शांत, गोड, कामसू, ती मी. दुसरी तळमळणारी, अंगावर येणारी. आणि तशातच मंदाचा उतरलेला ताप पुन्हा चढला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होतं. पण ते कुणाला आठवतं? आत्याबाईंनी हिशेब करून टाकला. आक्का चोरून मिश्री लावते. देव तिला नाचवतो आहे, आणि तिच्या पापानं पोर जाते आहे. वांझ बाई, हिच्या पोटात दुसरीच्या पोराची माया कुठून येणार, असंही कुणी कुजबुजलं. तात्यांचं दुसरं लग्न करावं, हा जुना विषय पुन्हा निघाला.

आता आलेच मी त्या सकाळपर्यंत.

मी खोपीतून घरी येत होते. आक्का मागच्या अंगणात भांडी घासत होती. मला बघून ती उठली, राखेचे हात बाजूला धरून माझ्यापाशी आली. माझ्या ओठाच्या कोपऱ्याला काळं राहिलं होतं. मला ठाऊकच नाही. तिनं हात झटकले, पदराचं टोक ओलं केलं, माझं तोंड धरलं आणि मंदाचं पुसायची तसं पुसलं. राग नाही, आश्चर्यही नाही. तिला केव्हाचं माहीत होतं. वास का लपतो, आणि तोही जिनं मिश्री सोडली आहे तिच्यापासून? म्हणाली, "आधी चूळ भर. पोरीला जवळ घिशील तशीच." एवढंच. आणि पुन्हा भांड्यांपाशी जाऊन बसली.

मी चूळ भरून आत गेले. आत तात्या, माझा नवरा, आत्याबाई बसलेले. आक्काला आत बोलावलं. मंदा बाजेवर पडली होती, ताप होताच. आत्याबाई म्हणाल्या, "दोघींनी येकाच देवाम्होरं सोडली. ही बघा कशी गाईवानी हाय. आन ही? देवाला फसिवलं की त्यो सुखानं बसू देत न्हाय." मग माझ्याकडं वळल्या. "तू रोज हिच्या संगती असतीस. पोरीच्या जिवाचं हाय, खरं सांग. ही मिश्री लावती का न्हाय?"

आक्का माझ्याकडं बघत नव्हती. ती मंदाकडं बघत होती.

मी काय म्हणायला हवं होतं? "न्हाय लावत." दोन शब्द. पुढचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं, स्वतःचं पाप लपवूनसुद्धा मला तिला वाचवता आलं असतं. पण मला वाटलं, "ती नाही लावत" म्हटल्यावर आत्याबाई विचारतील, मग देव कुणावर कोपला? आणि माझं तोंड हुंगतील. मी म्हणाले, "मला काय ठावं, आत्याबाई? माझं कुठं लक्ष असतंय."

हेच ते. हे मी केलं. ज्या पदरानं माझं तोंड पुसलं तो पदर अजून ओला होता, आणि त्या पुसलेल्या तोंडानं मी हे बोलले.

आक्काला बोलता आलं असतं. खोप दाखवली असती, डबी दाखवली असती. ती बाजेपाशी गेली तर आत्याबाई म्हणाल्या, "पोरीला हात लावू नगं." तिनं हात मागं घेतला. दुपारच्या आत तात्यांनी तिला गाडीत बसवून कळंबला तिच्या माहेरी पोचवलं.

ताप यथावकाश उतरला. कॅप्सूलनं उतरला. घरात सगळे म्हणाले, पाप घराबाहेर गेलं. मंदा उठून बसली आणि तिनं पहिली हाक मारली ती "मोतीआई". दुसरीही तीच. मऊभात माझ्या हातून खाईना, आत्याबाईंच्या हातून खाईना. शेवटी तात्याच गुपचूप गाडी जुंपून कळंबला गेले आणि आक्काला घेऊन आले. दुसऱ्या लग्नाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, एवढं मंदानं केलं. मी नाही.

परत आली ती आक्का पूर्वीसारखी शांत होती. आता कळतं, मधल्या आठवड्यांत तिच्या मेंदूची घडी बसली असणार. तेव्हा घरच्यांनी म्हटलं, देवानं माफ केलं हिला. मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला धरून उभं केलं आणि म्हणाली, "ताप उतरला न्हवं? मग झालं तर."

त्याच दिवशी मी डबी कालव्यात टाकली. मग माझी पाळी आली. तीच आग, तेच रडू, तीच चिडचिड. आणि माझ्या वेळी काय झालं, ऐका. आक्कानं माझी सगळी कामं अंगावर घेतली. मी कुणावर खेकसले की ती मध्ये पडायची, "धाकटीचं डोकं दुखतंया, तिला कुणी काय बोलू नगा." मला गुळाचा खडा तोंडात धरायला द्यायची, पाटाच्या कडेनं चालायला न्यायची, कपाळावर ओलं फडकं ठेवायची. कुणाला संशय आला नाही. तिच्या तळमळीला घरानं पाप म्हटलं. माझ्या तळमळीला तिनं डोकेदुखी म्हटलं. मी त्यातून निघाले आणि पुन्हा मिश्रीला शिवले नाही. ह्या वयात माझे दात आहेत, श्वास आहे, ते तिनं मला सांभाळलं त्या आठवड्यांमुळे.

त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही एका चुलीवर जेवलो. तिनं कधी विषय काढला नाही, टोमणा मारला नाही. उलट मागच्या अंगणात मिश्रीच्या वेळेला आम्ही दोघी नुसत्याच बसायचो आणि आता बोलायचो. किती बोलायचो! माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत गोड बोलणं ते. पण गावात तिच्यावरचा डाग राहिला. कुणाला नवस बोलायला जायचं असलं की बायका मला सोबत न्यायच्या, आक्काला नाही. मी जात होते. हातात ताट घेऊन, डोक्यावर पदर घेऊन मी जात होते.

ती गेली तेव्हा तिचं डोकं मंदाच्या मांडीवर होतं आणि पाय माझ्या हातात. त्या वेळी तरी खरं बोलले? नाही. त्या वेळीही नाही.

मंदा आता स्वतः आजी झाली आहे. लग्नाकार्यात बायका जमल्या की ती हटकून सांगते, "आमच्या मोठीआईचा माझ्यावर इतका जीव, पण मिश्री काही सुटली नाही हो तिला! नवस माझ्या आईनं पाळला म्हणून मी जगले." सगळ्या हसतात. मंदा प्रेमानंच सांगते, डोळे पुसत सांगते. मी तिथं असते. मीही हसते.

उद्या मंदा यायची आहे. तिला सांगायचं ते एवढंच. मंदे, तुझा नवस मोठीआईनं पाळला. मिश्री मी लावत होते. आणि माझं तोंड तिनं पुसलं.